टेकूचा पाय

नायगावला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पेव्हर ब्लॉकचा एक कोपरा खचलाय. 2023 च्या ऑगस्टमध्ये ऑफिसातून परतताना, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी अशी मी चालले होते, आणि त्या कोपऱ्यावर माझा डावा पाय बाहेरच्या अंगाला मुडपला. पडले नाही. भिंतीला हात लावून उभी राहिले, कळ ओसरू दिली आणि घरी गेले. आईला सांगितलंही नाही, कारण त्याच आठवड्यात तो सरावातही मुडपला होता आणि त्याआधी दादरच्या पुलाच्या जिन्यावर. रात्री झोप येईना म्हणून मोजायला बसले. 2016 पासून 11 वेळा. हे फक्त सूज आलेले प्रसंग. नुसता पाय लटपटून सावरलेले तर मोजण्यापलीकडचे होते.

त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की याला आता कुणाला तरी नीट दाखवायला हवं. खरं तर ते सात वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

मी फुटबॉल खेळते. उजव्या बगलेवर, विंगर म्हणून. शाळेत असताना मुलांच्यात खेळायचे, मग कॉलेजच्या संघात, आणि आता नोकरी सांभाळून एका स्थानिक महिला संघात. खेळाचं वेड बाबांकडून आलं. त्यांनी तरुणपणी कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने पाहिलेत. कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल मुंबईत यायचे तेव्हा मैदानाबाहेर कशी गर्दी व्हायची ते अजून सांगतात. 1891 ला सुरू झालेली ती स्पर्धा बंद पडली याचं त्यांना आजही मनापासून वाईट वाटतं.

पहिली दुखापत जुलै 2016 ची. कॉलेजचा सामना, धो धो पाऊस, मैदानाचा नुसता राडा झालेला. कॉर्नरवर हेडरसाठी उडी मारली आणि खाली येताना डावं पाऊल समोरच्या मुलीच्या बुटावर पडलं. चवडा खाली, तळवा आतल्या बाजूला वळलेला आणि त्यावर माझं सगळं वजन. कट् असा आवाज मला आतून ऐकू आला. संध्याकाळपर्यंत घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज, आणि दोन दिवसांनी टाचेखालपर्यंत उतरलेलं काळंनिळं.

घरात जे करतात ते सगळं झालं. आईने आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप लावला. शेजारच्या काकांनी ओळखीच्या हाडवैद्याकडे नेलं, त्याने पाय ओढून दिला. एका दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, क्रेप बँडेज बांधा, दोन आठवडे आराम. तिसऱ्या आठवड्यात दुखायचं थांबलं आणि मी मैदानात. यात कुणाच्या प्रेमात किंवा काळजीत कमतरता नव्हती. पण सूज उतरल्यावर पायाला पुन्हा काही शिकवावं लागतं, हे एकानेही सांगितलं नाही. आपल्याकडे 'मुरगळलाय' हा शब्दच इतका हलका आहे की त्यापुढे कुणी विचार करत नाही. फ्रॅक्चर म्हटलं की घर हादरतं.

ऑगस्टमधल्या त्या रात्रीनंतर संघातल्या एका मैत्रिणीने परळच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमचं नाव सुचवलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. मला वाटलं होतं त्या घोटा दाबून बघतील आणि दोन व्यायाम लिहून देतील. पहिली भेट दीड तास चालली.

सुरुवातीला त्यांनी नऊ प्रश्नांचा एक कागद दिला. सपाट जमिनीवर चालताना पाय डळमळतो का, जिना उतरताना काय होतं, एका पायावर उभं राहताना कसं वाटतं, पाय मुडपायला लागला तर वेळेत आवरता येतो का, अशा तऱ्हेचे. कंबरलँडची प्रश्नावली म्हणतात तिला, 30 गुणांची. उजव्या पायाला 28 मिळाले, डाव्याला 16. मॅडम म्हणाल्या, साधारण 25 च्या खाली गेलं की आम्ही घोटा अस्थिर धरतो. मग त्यांनी टाच एका हातात धरून पाऊल पुढे ओढून पाहिलं, तळवा आत वळवून पाहिला. उजव्या पायाला ओढ एका ठिकाणी ठाम थांबायची. डाव्याला ती जरा पुढे जाऊन, मऊशी थांबायची. तो फरक मलाही जाणवला.

नंतर त्यांनी माझ्याच पायावर बोट ठेवून समजावलं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे, असतात. पोटरीच्या बारीक हाडाच्या टोकापासून एक पुढे, एक खाली टाचेकडे आणि एक मागे जातो. चवडा खाली आणि तळवा आत अशा अवस्थेत पुढच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो आणि बहुतेक वेळा तोच फाटतो. तो भरून येतो, पण कधी कधी लांबट, सैल भरतो. ही झाली एक गोष्ट. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटली. या लिगामेंटमध्ये आणि सांध्याच्या आवरणात जाणिवेचे तंतू असतात. पाऊल या क्षणी किती अंशात वळलंय, हे डोळ्यांनी न बघता मेंदूला कळतं त्यात त्यांचा वाटा असतो. मार लागला की हा निरोपही बिघडतो. 1965 मध्ये फ्रीमन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने सहकाऱ्यांबरोबर हे मांडलं होतं, आणि डगमगत्या फळीवर तोल सावरण्याचे व्यायाम दिले की पाय दगा देण्याचं प्रमाण कमी होतं हेही दाखवलं होतं. माझ्या जन्माच्या 32 वर्षं आधी! मला सात वर्षांत ते कुणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, पण पाय मुडपायला लागला की आपण सावरतोच ना? त्या म्हणाल्या, "अगं, मुडपायला सुरुवात झाल्यापासून दुखापत होईपर्यंत सेकंदाचा दहावा हिस्सा, फार तर थोडा जास्त वेळ मिळतो. स्नायूला खबर लागून तो ओढ घेईपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून पाय टेकायच्या आधीच स्नायू तयार असायला हवेत. तुझे नसतात."

'तुझे नसतात' हे त्यांनी लगेच दाखवूनही दिलं. फिजिओ विभागाच्या मागे एक मोकळी फरशीची जागा आहे. तिथे त्यांनी फोन स्टँडवर लावला, सेकंदाला 240 चित्रं टिपणारा स्लो मोशन सुरू केला आणि मला चालायला, पळायला, 30 सें.मी. उंचीच्या ठोकळ्यावरून एका पायावर उतरायला आणि शेवटी चेंडू मारायला लावला. आधी समोरून, मग मागून.

माझं चालणं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. उजवं पाऊल टाच टेकवून सपाट खाली येत होतं. डावं पाऊल हवेत असतानाच आत वळलेलं होतं आणि बाहेरच्या कडेने जमिनीला लागत होतं, म्हणजे मुडपायच्या निम्म्या वाटेवर जाऊनच ते टेकत होतं. खालचा एक खडा, एक खळगा, एक खचलेला पेव्हर ब्लॉक त्याला पुरे होता. घरी येऊन मी माझे बूट बघितले. डाव्या बुटाच्या तळाची बाहेरची कड घासून गुळगुळीत झाली होती, उजवा जवळजवळ नवा. रोज नाड्या बांधायचे ते बूट.

ठोकळ्यावरून उतरण्याचं चित्र त्याहून वाईट निघालं. उजव्या पायावर उतरताना घोटा, गुडघा, खुबा तिन्ही वाकत, स्प्रिंग दाबावी तसे, आणि शरीर थांबत होतं. डाव्यावर उतरताना घोटा वाकतच नव्हता. टाच टेकली की तो तिथेच अडकायचा. मग गुडघा आत पडायचा, कमरेत मी नको तितकी वाकायचे, खांदा डावीकडे कलायचा आणि दोन्ही हात पसरून मी तोल शोधत राहायचे. मॅडमनी चित्र थांबवून गुडघ्यावर बोट ठेवलं. "घोट्याने करायचं काम इथे ढकललं जातंय. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटतं ते बरेचदा याच अवस्थेत. तू घोट्यासाठी आली आहेस, पण मला तुझ्या गुडघ्याची जास्त काळजी वाटते."

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परत मैदानात न आलेल्या दोन मुली मी जवळून पाहिल्यात.

घोटा वाकत का नव्हता, याचं मोजमाप भिंतीशी झालं. भिंतीपासून काही अंतरावर पाऊल ठेवायचं, टाच न उचलता गुडघा पुढे नेऊन भिंतीला लावायचा, आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजायचं. उजवा 11 सें.मी., डावा साडेसहा. म्हणजे एकाच घोट्यात दोन उलट दुखणी. आडवा हलताना सैल, पुढे वाकताना आखडलेला. मला हे पटकन पटेना. मॅडमनी समजावलं की पुढे वाकताना घोट्याच्या आतलं हाड किंचित मागे सरकावं लागतं, माझं तसं सरकत नव्हतं, आणि वर्षानुवर्षं सांभाळून चालल्यामुळे पोटरीही ताठ झाली होती.

आता चेंडू मारण्याबद्दल, कारण मला खरा धक्का तिथे बसला. मी उजव्या पायाने मारते. बाबांपासून संघाच्या प्रशिक्षक सरांपर्यंत सगळ्यांनी आयुष्यभर माझ्या उजव्या पायाकडे पाहिलं. फटका कुठे लागला, पाय कुठपर्यंत वर गेला. पण फटका मारताना शरीर उभं असतं ते डाव्या पायावर. धावत येऊन तो चेंडूच्या बाजूला टेकतो, वजनाच्या दुपटीच्या आसपास जोर त्याच्यावर येतो, आणि उजवा पाय मागून फिरून येईपर्यंत सगळा डोलारा त्या एका घोट्यावर तोललेला असतो. गेली दोन वर्षं माझे क्रॉस, म्हणजे बगलेवरून आत मारलेले चेंडू, गोलसमोर जायच्या ऐवजी वर उचलले जायचे. सर म्हणायचे पाठ मागे टाकतेस, पुढे झुक. मी झुकायचा प्रयत्न करायचे आणि अजून बिघडायचं. व्हिडिओत दिसलं की माझा डावा पाय चेंडूच्या बाजूला पोचतच नव्हता. एक वीतभर मागे, आखूड पाऊल टाकून, घाईघाईने टेकत होता, आणि उजवा पाय पूर्ण फिरायच्या आत मी डाव्यावरचं वजन काढून घेत होते. टेकूच मागे राहिला तर अंग मागे कलणारच आणि चेंडू वर जाणारच.

त्याच बैठकीत माझ्या खेळातल्या दुसऱ्या एका कोड्याचाही उलगडा झाला. उजव्या विंगरचं मुख्य हत्यार म्हणजे बचावपटूला बाहेरून, रेषेच्या अंगाने चकवून जाणं. त्यासाठी डावा पाय शरीरापासून लांब, डावीकडे टेकवायचा आणि त्याच्यावरून जमीन ढकलून उजवीकडे निघायचं. त्या क्षणी पाऊल जमिनीला सपाट असतं, पोटरी आत झुकलेली असते आणि घोट्याची बाहेरची बाजू ताणली जाते. नेमका तोच ताण जो माझ्या घोट्याला पेलत नव्हता. मी ती चालच सोडून दिली होती. केव्हा, ते मला सांगता येणार नाही. कधी ठरवून सोडलीच नव्हती. प्रत्येक वेळी उजव्या पायावर रेटा देऊन आत, मैदानाच्या मध्याकडे वळायचे. समोरच्या संघांनी ते ओळखलं होतं. सरांना वाटायचं मी घाबरट झालेय, आणि त्यांनी ते सगळ्यांसमोर म्हणूनही दाखवलं होतं. तो अपमान मी मनात ठेवला होता. लोकलमध्ये बसून घरी येताना डोळे भरून आले, आणि ते दुःखाने नव्हतं. माझं धैर्य कमी पडत नव्हतं, हे मला कुणीतरी चित्र थांबवून दाखवलं होतं.

अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एमआरआय झाला. पुढचं लिगामेंट जाड आणि जुनं अर्धवट फाटलेलं, हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा मात्र शाबूत. त्यांनी शस्त्रक्रियेचा पर्याय सांगितला. 1966 मध्ये ब्रोस्ट्रॉम या स्वीडिश सर्जनने मांडलेली पद्धत, फाटलेलं लिगामेंट घट्ट करून जागेवर शिवायचं, आजही थोड्या फेरफाराने तीच वापरतात. पण आधी तीन महिने मन लावून व्यायाम, मग बघू, असं त्यांचं मत. कूर्चा शाबूत आहे हे ऐकून बाबांनी सुस्कारा सोडला. त्यांच्या डोक्यात हॉलंडचा फुटबॉलपटू व्हॅन बास्टेन होता. 1988 च्या युरो अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध त्या अवघड कोनातून हवेतल्या हवेत गोल मारणारा, आणि घोट्याने 28 व्या वर्षी मैदानाबाहेर बसवलेला. मे 1993 नंतर तो एकही अधिकृत सामना खेळू शकला नाही, 1995 ला त्याने निवृत्ती जाहीर केली. "एवढा मोठा माणूस, जगातले डॉक्टर हाताशी, तरी घोटा परत आला नाही," बाबा म्हणाले. "तू व्यायाम चुकवू नकोस, बाळा."

चुकवला नाही. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत आठवड्यातून दोनदा परळ आणि रोज घरी.

पहिले तीन आठवडे घोट्याइतकंच इतर ठिकाणीही काम चाललं होतं. मॅडम घोट्यावर पट्टा अडकवून आतलं हाड मागे दाबून धरायच्या आणि मी गुडघा पुढे न्यायचा. पोटरी ताणायची. आणि खुब्याच्या बाहेरचा स्नायू. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, इतका साधा व्यायाम. डाव्या बाजूला बारापर्यंत जाताना पाय थरथरायला लागायचा. घोटा मुरगळल्यावर खुब्यातली ताकद जाते, हे मला कुणी नुसतं सांगितलं असतं तर पटलं नसतं. पण पाऊल नेमकं कुठे आणि कोणत्या कोनात पडणार, हे वरून खुबाच ठरवतो. तो ढिला असला की पाय आत झोकांडतो आणि मग घोट्याला ती चूक निस्तरावी लागते.

नंतर रबरी पट्टा. पाऊल बाहेर वळवणारे स्नायू पोटरीच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरतात आणि घोट्यामागून पावलाखाली जातात. पाय आत मुडपू नये म्हणून ओढ धरणारे तेच. खुर्चीवर बसून, पट्ट्याविरुद्ध पाऊल हळू बाहेर न्यायचं आणि त्याहून हळू परत आणायचं. परत आणताना घाई केली की मॅडम पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावायच्या.

आणि तोल. डोळे उघडे ठेवून एका पायावर 30 सेकंद, मग डोळे मिटून. डोळे मिटल्यावर डाव्या पायावर मी 5 सेकंद टिकले. उजव्यावर 14. मला वाटलं उजवा तरी चांगला आहे. मॅडम म्हणाल्या, खेळाडूच्या मानाने तोही कमीच. एका घोट्याचा निरोप बिघडला की तोल सांभाळण्याची सगळी व्यवस्थाच बदलते, त्यामुळे चांगल्या पायावरही परिणाम दिसतो. म्हणून सगळे व्यायाम दोन्ही पायांचे. वाय आकारात तीन दिशांना पाय लांबवायची चाचणीही दर महिन्याला व्हायची. पुढच्या दिशेला दोन पायांत 4 सें.मी.पेक्षा जास्त फरक राहिला तर ती धोक्याची खूण मानतात. माझा पहिला फरक 7 होता.

घरी आई घड्याळ धरायची. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या, मी ओट्यापाशी एका पायावर डोळे मिटून, आणि ती भाजी ढवळता ढवळता सेकंद मोजायची. नोव्हेंबरात एकदा डावा 20 च्या पुढे गेला तेव्हा तिने हातातला झारा खाली ठेवला. बाबा चाळीच्या लांब व्हरांड्यात माझ्याकडे चेंडू फेकायचे, मी डाव्या पायावर उभी राहून उजव्याने परत द्यायचा. शेजारची पोरं रांगेने बघत बसायची. एक-दोघं व्यायामही करायला लागली.

लोकलचा एक अनुभव सांगते. दादर ते चर्चगेट मी बरेचदा उभ्याने जाते. पूर्वी गाडीने रूळ बदलताना झोला बसला की मी आधी कमरेतून वाकायचे, हातातल्या कडीला लोंबकळायचे. डिसेंबरच्या सुमाराला लक्षात आलं की आता पावलंच जमीन चाचपतायत, बोटं पकड घेतायत, वरचं अंग शांत राहतंय. मॅडमना सांगितलं तर त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते माझ्या कागदावर लिहून घेतलं, आणि कडी मात्र सोडायची नाही अशी ताकीद दिली.

मधे एक वाईट टप्पाही आला. ऑक्टोबरच्या शेवटी मला बरं वाटायला लागलं, म्हणून ऑफिसच्या मुलींबरोबर एका छोट्या टर्फवर खेळायला गेले. मैदानावरचे, तळाला लांब स्टड म्हणजे खुंट्या असलेले बूट घालून. कृत्रिम गवतात स्टड रुतला, शरीर वळलं, पाऊल जागेवर राहिलं. सूज फार नव्हती, पण मी तीन रात्री रडले. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मुडपल्यावर काय केलंस?" मी सांगितलं की लगेच वजन काढलं आणि बाजूला बसले. त्या म्हणाल्या, पूर्वी खेळत राहायचीस. टर्फसाठी आखूड आणि भरपूर स्टडचे बूट घ्यायला सांगितलं आणि एक आठवडा मागे जाऊन तिथून पुन्हा सुरुवात केली.

शेवटच्या दोन महिन्यांत खेळाच्या हालचाली. दोरीवरच्या उड्या, एका पायावर पुढे-मागे-आडव्या उड्या आणि प्रत्येक उडीनंतर तीन सेकंद पुतळ्यासारखं थांबायचं. मग आठाच्या आकड्यात पळणं, आधी मोठा आठ, मग लहान. त्यानंतर ठरवून वळणं, आणि अगदी शेवटी न ठरवता वळणं. मॅडम समोर उभ्या राहून ऐन वेळी हात दाखवायच्या, त्या बाजूला वळायचं. ठरवून वळताना माझा डावा पाय व्यवस्थित पडायचा. अचानक वळताना पहिल्या दिवशी तो पुन्हा जुन्या सवयीने, बाहेरच्या कडेवर. मैदानात सगळं अचानकच असतं, म्हणून हा भाग सगळ्यात जास्त दिवस चालला.

भीतीबद्दलही बोलायला हवं. ताकद आली, तोल आला, तरी बाहेरच्या बाजूने चकवायची वेळ आली की माझं शरीर स्वतःहून आत वळायचं. मॅडमनी माझ्या मैत्रिणीला बचावपटू म्हणून बोलावलं आणि नियम केला की मला फक्त उजवीकडेच जायची परवानगी. तिला माहीत, मला माहीत, लपवायचं काहीच नाही. पहिल्या दिवशी 20 पैकी दोनदा गेले. तिने एकदाही अंग आखडतं घेतलं नाही, आणि त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

जानेवारीत पुन्हा तोच ठोकळा आणि तोच फोन. भिंतीशी डावा घोटा साडेनऊ सें.मी. पुढच्या दिशेचा फरक 3. प्रश्नावलीत 24. उतरताना गुडघा पावलाच्या रेषेत राहिला आणि तोल सावरायला हात पसरावे लागले नाहीत. चेंडू मारताना डावा पाय चेंडूच्या बाजूला येऊन टेकला. चालताना मात्र डावं पाऊल अजूनही किंचित बाहेरच्या कडेने लागतं. पूर्वीपेक्षा खूप कमी, तरी लागतंच. ते पूर्ण जाईल असं मॅडमनी कधी म्हटलं नाही. सामन्यात टेप किंवा घोट्याचा पट्टा बांधायचा, आणि तोलाचे व्यायाम खेळणं सुरू असेपर्यंत करत राहायचे. ज्यांचा घोटा आधी मुरगळलाय त्यांना या दोन्हींचा फायदा होतो. शस्त्रक्रिया सध्या तरी नको, असं डॉक्टरांनीही सांगितलं.

फेब्रुवारीत संघात परत आले तेव्हा सरांना मी ते व्हिडिओ दाखवले. आधीचा आणि नंतरचा. त्यांनी दोनदा पाहिले, आणि मग म्हणाले की हे इतर मुलींचंही करून घ्यायला हवं. आता आमचा सराव फिफा 11+ या, दुखापती टाळण्यासाठी बनवलेल्या वॉर्म-अपने सुरू होतो. 20 मिनिटांचा क्रम, धावणं, मग ताकद-तोल-उड्या, मग पुन्हा वळणांसह धावणं. मैदान आम्हाला तासभरच मिळतं, त्यातली 20 मिनिटं यात जातात म्हणून सुरुवातीला कुरकुर झाली. मी कुणाशी वाद घातला नाही. संघातल्या सतरा जणींना एका पायावर डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. नऊ जणी दहा सेकंदांच्या आत पाय टेकवून मोकळ्या झाल्या, आणि त्या नऊही जणींचा घोटा कधी ना कधी मुरगळलेला होता. त्यानंतर कुरकुर थांबली.

गेल्या महिन्यात व्हरांड्यात खेळणाऱ्या पोरांपैकी एकीचा पाय मुरगळला. तिची आई लेप घेऊन आली. मी लेपाला नाही म्हटलं नाही. फक्त आधी घोट्याच्या दोन्ही हाडांवर मागच्या कडेने दाबून पाहिलं आणि चार पावलं टाकायला लावली. हाडावर दाबल्यावर कळ आली किंवा चार पावलं टाकता आली नाहीत तर एक्स-रे काढायचा, हा कॅनडातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये घालून दिलेला नियम मॅडमनीच शिकवला होता. तिने चार पावलं टाकली. सूज उतरली की माझ्याकडे पाठवा, असं तिच्या आईला सांगून ठेवलंय.

माझं एक काम अजून शिल्लक आहे. आतापर्यंत मी जे खेळले ते कोरड्या मैदानावर आणि टर्फवर. जूनमध्ये पाऊस सुरू होईल, आझाद मैदानावर पुन्हा चिखल होईल, आणि कॉर्नरवर उडी मारून खाली येताना खाली काय आहे ते दिसणार नाही. मॅडमनी मे महिन्यात ओल्या मातीवर सराव ठेवलाय, डावा पाय आधी.